रुखवतात गेलेले राक्षस

नियोजन कसं करावं हे ज्याला शिकायचं असेल, त्यानं सरळ साताऱ्याला माझ्या घरी यावं! चहा पाजून शिकवतो. बघा ना, एकाच रविवारी, सांगलीतल्या एकाच मंगल कार्यालयात, खालच्या हॉलमध्ये आमच्या चुलत मेव्हणीचं, मयूरीचं लग्न आणि वरच्या हॉलमध्ये माझी स्पर्धा. दुसरा कुणी असता तर डोकं धरून बसला असता. मी म्हटलं, वा! मधे फक्त एक जिना! खाली अक्षता टाकायच्या, वर फासे टाकायचे.

स्पर्धा कसली, ते सांगतो. मोठ्या पाटावर हिरवं मैदान आखलेलं असतं. दोन्हीकडं अकरा-अकरा बोटभर उंचीचे खेळाडू. कुणाचे राक्षस, कुणाचे बुटके, कुणाचे सांगाडे. नाव फुटबॉलचं, पण लाथ चेंडूला कमी आणि माणसाला जास्त. फासे टाकायचे (त्यांवर आकडे नसतात, कोण पडणार त्याची चित्रं असतात), समोरच्याला आडवा करायचा आणि चेंडू पलीकडच्या टोकाला न्यायचा. माझे हिरवे राक्षस. एकेकाच्या सुळ्यांना पांढरा रंग द्यायला मी जेवढा जीव लावलाय, तेवढा दहावीच्या अभ्यासाला लावला असता तर आज कलेक्टर असतो!

ही मंडळी आमच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये राहतात, आणि भांडणाचं मूळ तेच. तीन वर्षं मी स्पर्धांना जातोय आणि दरवेळी हात हलवत परत येतोय. शेवटी बायकोनं, संयोगितानं, निर्वाणीचं सांगितलं, "अहो, हे शेवटचं. या वेळी कप घरी आला तर शोकेस तुमचं. नाही आला तर सगळी भुतं माळ्यावर आणि तिथं माझा डिनरसेट!"

"मंजूर!" मी म्हटलं. अंगात काय शिरलं होतं देव जाणे.

पहाटे निघालो. वाटेत इस्लामपुरात सासूबाईंना घेतलं. सासूबाई म्हणजे सुलाबाई. पुतणीच्या लग्नात रुखवताचं खातं त्यांच्याकडं होतं. चपलांच्या खोक्यांत त्यांनी काय काय भरून आणलं होतं. माझे राक्षसही चपलांच्या खोक्यात. सगळी खोकी डिकीत एकावर एक. इथंच माझं नियोजन पहिल्यांदा शिंकलं, पण मला ऐकू आलं नाही.

सांगलीत पोचलो. कार्यालयाच्या पोरांनी डिकी रिकामी केली. मी वर जाऊन नाव नोंदवलं, समोरच्याशी हात मिळवला आणि ऐटीत खोकं आणायला खाली आलो. डिकीत फक्त स्टेपनी!

धावत रुखवताच्या टेबलाशी गेलो.

मधोमध, रांगोळीच्या गोलात, माझे अकराच्या अकरा राक्षस! प्रत्येकाच्या कपाळाला हळद-कुंकू! कॅप्टनच्या सुळ्यावर मोगऱ्याची कळी! आणि पुढं पुठ्ठा, 'चि. सौ. कां. मयूरीची हस्तकला'!

"सासूबाई! हे काय?"

"काय म्हंजी? लय भारी केलंत बगा जावईबापू! मी फोनवर म्हणलं नव्हतं, रुखवताला कायतरी करून आणा म्हणून?"

"मी 'बघतो' म्हणालो होतो!"

"मग? जावई बघतो म्हणला म्हंजी करतोच की. आनि तुमी देवासारकं धावून आलात. मयूरीनं केलेलं सुपारीचं वऱ्हाड गाडीत हिंदकळलं. निम्म्यांच्या मुंड्या गळल्या! ते खोकं सारलं टेबलाखाली आनि त्या जागी ह्यांना बसवलं."

मी हळूच कॅप्टनला हात घातला. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "आवं, हात नगा लावू! हलवायचं न्हाई आता!"

वरमाय, चंद्राबाई. माणसं विट्याची, धंदा गलाईचा. जुनं सोनं गाळून शुद्ध करायचं दुकान, तेही थेट मदुराईला. बाईंची नजर अशी की पाटल्या बघून तोळे सांगतील. त्यांनी राक्षसांकडं बोट दाखवलं. "सुलाबाई, ह्ये कंचं देव?"

सासूबाईंनी पदर सावरला. आणि म्हणाल्या, "राखणदार हायत! नव्या संसाराला दृष्ट लागू नये म्हणून मुलीनं स्वतः केलेत."

"आगं बया! गुणाची गं सून माजी!" चंद्राबाईंनी राक्षसांवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. संपलं! आता तिथला एक राखणदार जरी हलला तरी अपशकुन, आणि अपशकुनाचं खापर माझ्या डोक्यावर! सासूबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी हात खिशात घातले.

वरून माईकवर माझं नाव पुकारलं जात होतं. पाच मिनिटांत संघ पाटावर नसला तर बाद! शोकेस डोळ्यासमोर आलं. त्यात डिनरसेट आला. आणि मग मी ते केलं, जे शहाणा माणूस करत नाही. टेबलाखालचं खोकं उचललं आणि जिन्याकडं पळत सुटलो!

खोक्यात सुपारीचं वऱ्हाड, म्हणजे सुपारीच्या मुंडीवर नाकडोळे रंगवलेली बोटभर माणसं. खिशात माझी चिकटवायची ट्यूब कायम असते. मुंड्या ज्या हाताला लागतील त्या धडांवर बसवल्या. घाईत करवलीला भटजींची शेंडी आली, पण ते बघायला वेळ कुणाला होता!

पंच होती अबोली. सांगलीचीच, दातांची डॉक्टर होत आलेली, आणि नियमाला पक्की. तिनं वऱ्हाडाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काका, हे काय आहे?"

"संघ."

"नियम असा आहे की कोण कुठला खेळाडू ते ओळखू यायला हवं."

"ओळखा की! हे भटजी. अक्षता फेकायची सवय, म्हणून चेंडू फेकणार. हा नवरदेव. हा पळणार, आज त्याच्या मनात दुसरं काही असूच शकत नाही. ही वरमाय, ही धडक देणार. ही नवरी, ही मागं उभी राहून रेघ राखणार. सनईवाला, चौघडेवाला आणि बाकीचे करवल्या-मामा आडवे येणार. लग्नात तेच करतात."

अबोलीच्या ओठाचा कोपरा हलला. "चालेल. पण मुंडी पडली की खेळाडू पडला!"

काय सांगू तुम्हाला! माझ्या राक्षसांनी तीन वर्षांत जे केलं नाही, ते त्या सुपाऱ्यांनी केलं. समोरच्याला हसूच आवरेना, आणि हसणाऱ्याचा फासा सरळ पडत नाही. पहिला डाव जिंकलो. खाली पळालो, 'शुभमंगल सावधान'ला अक्षता टाकल्या. वर पळालो. दुसरा डाव जिंकलो. जिन्यात संयोगितानं गाठलं. "कुठं असता तुम्ही? पंगत वाढायचीय!"

"फायनल!" मी ओरडलो.

ती दोन पायऱ्या वर आली. "खरंच?" आणि लगेच सावरून म्हणाली, "कप आला तरच हं!"

फायनलला समोर उदयसिंह. कराडकडचा गडी, फौजेत नाईक, सुट्टीवर आलेला. हा खेळ तो पोस्टिंगवर शिकला. त्याचे सांगाडे कवायतीला उभे केल्यासारखे ओळीत. तीनपैकी दोन वर्षं मला यानंच घरी पाठवलंय. आणि हा हसत नाही! मिशीसुद्धा हलत नाही.

डाव सुरू झाला तसा माझा घाम सुरू झाला. त्यानं मामा पाडला. मी चेंडू भटजींकडं दिला, भटजींनी नवरदेवाकडं फेकला, एक-शून्य! त्यानं लगेच फेडलं, एक-एक. मग त्याच्या धिप्पाड सांगाड्यानं सनईवाल्याला असं हाणलं की मुंडी सुटली आणि घरंगळत उदयसिंहाच्याच हाताशी गेली. खालून, खिडकीतून हाका ऐकू येत होत्या, "टेंपो लावा रं! रुखवत भरा!" रुखवत भरताना कुणी सुपारीचं वऱ्हाड विचारलं तर?

इकडं उदयसिंह विचारात गढलेला. नजर पाटावर. उजव्या हातानं त्यानं ती सुपारी उचलली आणि तोंडात टाकली!

कडक्कन आवाज झाला.

"अहो! तो माझा सनईवाला!"

उदयसिंह जागा झाला. गाल फुगलेला, डोळे मोठे. "आयला! माफी करा दादा! सवयीनं गेली ओ! जेवणावर सुपारी लागतीच मला." त्यानं ती हातावर काढली. दोन तुकडे, वर रंगवलेला एक डोळा माझ्याकडं बघतोय!

अबोलीनं नियमांचं पुस्तक चाळलं. "खेळाडू खाल्ला तर काय, ते यात दिलेलं नाही," ती म्हणाली. "सनईवाला जायबंदी. पुढं चला."

शेवटची खेळी माझी. एक-एक. नवरदेवाच्या हातात चेंडू. टोकाची रेघ दोन घरांवर. पण मधे तो धिप्पाड सांगाडा. एकट्यानं धडक द्यायची तर एकच फासा मिळणार, आणि एक फासा माझ्याशी कधी धड वागलाय? मी फासा मुठीत घेतला. शोकेस, डिनरसेट, शोकेस, डिनरसेट!

दार धाडकन उघडलं.

"आमचं सुपारीचं वऱ्हाड कुठं हाय?"

चंद्राबाई! शालू, नथ, हातात अजून ओटीचा नारळ. मागं धापा टाकत सासूबाई. "मयूरीनं फोटो धाडला हुता मला त्याचा! टेंपो भराय लागलाय आनि वऱ्हाडाचा पत्त्या न्हाई!" मग त्यांचं पाटाकडं लक्ष गेलं. "आगं बया बया! ही मी न्हवं? मला आडवी कुणी पाडली?"

उदयसिंह, ज्यानं सरहद्दीवर बर्फात रात्री काढल्या, तो खुर्ची सोडून उठला. "आत्याबाई, खेळात पडत्यात तशा. बसा ना." आणि त्यानं स्वतःची खुर्ची दिली.

"लगीन लागलंय आमचं आनि सांगाडं मारत्यात व्हय आमच्या मान्सास्नी!" त्या बसल्या. सासूबाई माझ्या दंडाला चिमटा काढून उभ्या राहिल्या. "जावईबापू, काय केलंत ह्ये?"

"एक मिनिट. फक्त एक फासा!" मी रडवेल्या आवाजात म्हटलं. "नवरदेवाला दोन घरं पुढं जायचंय. हा मधला आडवा झाला की जिंकलो!"

चंद्राबाईंनी पाटाकडं बघितलं. कपाळाला आठ्या पडल्या. "आनि नवरी मागंच? सप्तपदी झाली न्हवं? नवरीला मागं ठिवून एकटा पुडं जातोय व्हय त्यो? ही कुटली रीत!" आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी नवरी उचलली आणि नवरदेवाशेजारी ठेवली!

"बाद!" अबोली ओरडली. "बाहेरच्या माणसानं खेळाडू हलवला! खेळी संपली!"

मी कपाळावर हात मारला. इतकं सगळं करून, एका नवरीपायी!

उदयसिंहानं हात वर केला. "ऱ्हाऊ द्या मॅडम. आत्याबाईंच्या हातनं बसलीया, तिला मी कशी उठवू? आनि मी ह्यांचा गडी खाल्लाय, त्याचं पाप हाय माज्यावर."

"तुमची हरकत नाही?"

"न्हाई."

"मग शेजारी साथीदार आहे," अबोली म्हणाली. "दोन फासे. चांगला तो घ्या."

दोन फासे! मी टाकले. पहिला थांबला, माझाच गडी पडणार! दुसरा गरगरत राहिला. चंद्राबाई पुढं वाकल्या. "पड की रं मुडद्या!" त्या फाशावर ओरडल्या. पडला! सांगाडा आडवा! मी नवरदेवाला उचलून रेघेपलीकडं नेलं, आणि चंद्राबाईंनी टाळी वाजवून पाठोपाठ नवरीलाही नेलं.

हॉल दणाणला! मी उदयसिंहाला मिठी मारली. सासूबाई रडायला लागल्या, कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं. अबोलीनं कप हातात दिला. हातभर उंच, दोन कानांचा, चकचकीत. मी तो छातीशी धरला. तीन वर्षं, मंडळी! शोकेस वाचलं!

चंद्राबाई सुपाऱ्या एकेक करून पदरानं पुसून खोक्यात ठेवत होत्या. शेवटची नवरी ठेवली आणि मान वर केली. "बगू." त्यांनी कपावर नख घासलं. "पितळ हाय. आसू दे. आमच्या वऱ्हाडानं जिंकलाय म्हंजी रुखवताचाच की ह्यो! द्या हिकडं, टेंपो निघालाय."

"अहो पण..."

"द्या, जावईबापू," सासूबाई दात आवळून हसत म्हणाल्या. "विहीणबाई मागत्यात."

मी दिला. काय करणार! मुलीकडचा माणूस मी, आणि समोर वरमाय!

टेंपो विट्याला गेला. त्यात माझे अकरा राखणदार, सुपारीचं वऱ्हाड आणि वर दोरीनं बांधलेला कप. मी साताऱ्याला आलो, तो रिकाम्या हातांनी. गाडी लावून आत येतो तर संयोगिता शोकेस पुसत होती. डिनरसेटचं खोकं उघडलेलं!

"अगं, मी जिंकलो! शंभर माणसांनी बघितलंय! तुझ्या आईनं बघितलंय!"

"आईनं सांगितलं मला," तिनं पहिली प्लेट नीट उभी केली. "पण कप घरी आणायचा, एवढंच ठरलं होतं. जिंकायचं कोण म्हणालं होतं?"