भुरीताईचं पान

मुलांनो, गोष्टीच्या आधी मला एक सांगा. गेलेल्या माणसाचं पान वाढतात, त्यात मीठ कमी पडलं तर ते कोण सांगतं?

मी हे भटजींना विचारलं. ते म्हणाले, मध्ये बोलू नकोस. आत्याला विचारलं. ती म्हणाली, अक्कल कधी येणार तुला? तुम्हालाही माहीत नसणार. असू दे. गोष्ट ऐका.

एका जंगलात लांडग्यांचं एक घर होतं. आबा, आई, आत्या, मोठी मुलगी भुरी आणि धाकटा ढब्या. ढब्या खात खूप असे आणि विचार नंतर करत असे.

या घराचा मोठा सण म्हणजे आखाड. श्रावण लागायच्या आधी सगळ्यांनी गोल बसायचं आणि एकाच पानात तोंड घालून मटण खायचं. पानाबाहेर कुणी बसायचं नाही. बसला तर तो घरातला नव्हे.

एकदा भुरीताई शेळीच्या पिल्लामागे धावली. पिल्लू पळता पळता आपल्या आईला हाक मारत होतं. ताई थांबली. ती जी थांबली ती थांबलीच. मटण सोडलं. मग म्हणाली, दूध वासराचं आहे, तेही नको. मध माश्यांचा आहे, तोही नको.

मोर शहरात राहून आला होता. तो म्हणाला, "याला व्हीगन म्हणतात."

"अगं बाई!" आत्या म्हणाली. "मग याला औषध काय?"

पुढच्या आखाडाला ताई पानाबाहेर बसली. तिच्यासमोर वेगळं पान. त्यात नाचणीची भाकरी आणि कारल्याच्या काचऱ्या.

ती म्हणाली, "आबा, एक आखाड सगळ्यांनी माझ्या पानातलं जेवू या. एकच."

आबा म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षीही ते हेच म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षीही.

त्या तिसऱ्या वर्षी ढब्याने गंमत म्हणून एक चोखलेलं हाड ताईच्या पानात टाकलं. सगळे खूप हसले. ताईने हाड उचललं, पुसलं आणि ढब्यासमोर ठेवलं. "तुझं राहिलं होतं," म्हणाली. मग पान घेऊन ती झाडामागे गेली आणि तिकडे जेवली.

तुम्ही हसलात तरी चालेल. तेव्हा सगळेच हसले होते.

थंडीत ताईला ताप आला. तीन दिवसांत ती गेली.

मग काय झालं सांगू? मग सगळ्यांना ताईची मतं एकदम पटली.

आखाड आला तसे आबा म्हणाले, "यंदा भुरीच्या आवडीचं! हाड नाही, दूध नाही, मध नाही. सगळं जंगल जेवायला बोलवा!"

दोन सागांच्या मध्ये भला मोठा फ्लेक्स लागला. त्यावर ताईचा फोटो छोटा होता आणि पुढारी कोल्ह्याचा मोठा. माकडांना स्वयंपाकाचं काम दिलं. चाळीस पदार्थ ठरले. शेळ्यांना मुख्य पाहुण्या म्हणून बोलावलं. त्यांनी डोंगरापलीकडूनच मनःपूर्वक शुभेच्छा पाठवल्या.

माकडांनी फणसाचं मटण केलं. त्याला तंगडीचा आकार दिला आणि आत हाडासारखी काठीही खोचली.

आत्याने चाखून पाहिलं. "अय्या, अगदी खऱ्यासारखं लागतं!"

"ताईला खऱ्यासारखं नको होतं," ढब्या म्हणाला.

"तू गप रे. तिला काय आवडायचं ते तुला जास्त माहीत का?"

"मग तू सांग. काय आवडायचं?"

आत्याने आबांकडे पाहिलं. आबांनी फ्लेक्सकडे पाहिलं. त्यावर ते लिहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात कोल्हा भाषणाला उभा राहिला. "भुरीताईंना मी लहानपणापासून पाठिंबा दिला," तो म्हणाला. ढब्याने मागून जाऊन त्याचं शेपूट चावलं. भाषण संपलं. आजवरचं सगळ्यात छोटं भाषण म्हणून ते अजून ओळखलं जातं.

मग ढब्या चुलीकडे गेला. आयुष्यात त्याने कधी काही रांधलं नव्हतं. त्याने कारली चिरली. भाकरी थापली, ती फाटली. पंजा भाजला. पण काचऱ्या झाल्या. नाचणीची भाकरीही झाली, तिला भाकरी म्हणायचं ठरवलं तर.

त्या जंगलात एक रीत होती. घरातलं कुणी गेलं की पहिल्या सणाला त्याचं पान काळ्या खडकावर ठेवायचं. कावळा शिवला की ते जेवलं.

आईने थंडीपासून धड काही खाल्लं नव्हतं. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. ती म्हणाली, "भुरीने पान घेतलं तर मी जेवेन. नाहीतर मला आग्रह करू नका."

ढब्याने आपलं रांधलेलं खडकावर ठेवलं. सगळे वाट बघत बसले.

कावळा आला, फांदीवर बसला आणि त्याने वाकून बघितलं. "आखाडाला कारलं?" तो म्हणाला. "माझी तब्येत जरा बरी नाही."

आबा हात जोडून म्हणाले, "भुरे, पुढच्या वर्षीही असंच करू."

कावळा हलला नाही. 'पुढच्या वर्षी' हे त्यानेही पूर्वी ऐकलं होतं.

आत्या म्हणाली, "फणस ठेवून बघू का?"

आई म्हणाली, "नको. ती माझ्यावर रागावली आहे. मी तिच्या पानातला एक घास कधी खाल्ला नाही." आणि ती उठून गुहेकडे निघाली.

ढब्या ओरडला, "थांब आई! सगळ्यांनी पाठ फिरवा! कुणी बघत असलं की ताई जेवायची नाही. माहीत आहे ना?"

ते सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी पाठ फिरवली. आईनेही.

ढब्या खडकावर चढला. त्याने काचऱ्या तोंडात कोंबल्या. कारलं तो जन्मात पहिल्यांदा खात होता. डोळ्यांत पाणी आलं. भाकरी खाल्ली. पान चाटून लख्ख केलं आणि खाली उडी मारली.

"जेवली! ताई जेवली!"

आईने वळून पान पाहिलं. "काचऱ्यासुद्धा?"

"काचऱ्या आधी खाल्ल्या."

आबांनी ढब्याकडे पाहिलं. त्याच्या मिशीला नाचणीचा कण चिकटला होता. आबांनी तो पंज्याने पुसला आणि फांदीवरच्या कावळ्याला हाकलत म्हणाले, "हाड्!"

आई खाली बसली. "मीठ बरोबर होतं का रे?" तिने विचारलं.

"बरोबर होतं," ढब्या म्हणाला. मीठ तो घालायलाच विसरला होता.

आईने भांड्यात उरलेल्या काचऱ्यांतली एक उचलली. तोंडात टाकली. जरा थांबली. मग सावकाश चावून गिळली.

"हो," ती म्हणाली. "बरोबर आहे."

ढब्याने तिला अजून वाढल्या.

तात्पर्य: घरात कुणी वेगळं जेवत असेल तर त्याच्याकडे मुळीच लक्ष देऊ नका. ते गेल्यावर चाळीस पदार्थ करता येतात. आणि गेलेलं माणूस त्यातल्या एकालाही नावं ठेवत नाही.