कायिझीचा बारा नंबरचा पंखा

कायिझीने फक्त एक आकडा बदलला होता. नऊच्या जागी बारा. एवढ्यावरून बायको भर तळ्यात बोट सोडून जाईल, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

झालं असं, की कालांगालाच्या धक्क्याजवळ आपटून त्याच्या बोटीच्या मोटरचा पंखा मोडला. (तो खडक तिथे आजोबांच्या काळापासून होता. कायिझीच्या म्हणण्यानुसार तो 'अचानक आडवा आला'.) चार दिवसांवर पुतण्या किवुकाची मागणी, म्हणजे मुलीच्या घरी जाऊन रीतसर हात मागायचा समारंभ, येऊन ठेपलेली. नवरामुलगा, दहा-बारा वडीलधारी, केळ्यांचे घड, साखरेची पोती आणि एक बकरा, असं सगळं पलीकडच्या किनाऱ्यावर मुलीच्या घरी न्यायचं होतं. घरात मोटरबोट एकट्या काकाची.

"होता तसाच आणा. नऊचा," नालुबेगाने बजावलं. वीस वर्षं ती नवऱ्याच्या बोटीतून अननस बाजाराला नेत होती.

मसाका शहरातल्या दुकानदाराने दोन पंखे पुढे ठेवले.

"हा नऊचा. एका फेऱ्यात बोट नऊ इंच ढकलतो. हा बाराचा. याला वेग जास्त, पण..."

"बारा द्या!"

"अहो, पण बोट हलकी असेल तरच! ओझं असलं की मोटर..."

कायिझी दाराबाहेर पोचलासुद्धा. त्याला दिसत होता फक्त दुसरा बोटवाला बोसा, रोज त्याला मागे टाकून टोपी हलवणारा.

दुसऱ्या दिवशी त्याने एकट्यानेच बोट काढली. बोट उडालीच! बोसा तोंडाचा आ करून बघत राहिला. घरी येऊन कायिझीने हे चार वेळा सांगितलं. पंख्याचा आकडा मात्र एकदाही नाही.

मागणीच्या दिवशी कांझू, म्हणजे पांढरे पायघोळ झगे, घातलेली मंडळी चढली, पोती चढली, बकरा चढवला. कायिझीने ऐटीत दोरी ओढली. मोटर कण्हली. बोट म्हशीसारखी डुलत निघाली आणि तशीच डुलत राहिली. अर्ध्या वाटेवर मोटरमधून धूर यायला लागला.

"काका, तिकडे दहाला पोचायचंय," किवुका रडवेला झाला.

"वारा उलटा आहे रे."

"वारा कुठाय?" नालुबेगा म्हणाली. "माझ्या डोक्यावरचा रुमाल हलत नाहीये. खरं सांगा, कितीचा आणलात?"

"...बाराचा."

सगळ्या बोटीने माना वळवून त्याच्याकडे पाहिलं. बकऱ्यानेसुद्धा.

तेवढ्यात वल्ही मारत कोळ्यांची एक लांब होडी बाजूने पुढे निघाली. नालुबेगाने पदर खोचावा तसा अंगातल्या गोमेसीचा, सणासुदीच्या झग्याचा, पट्टा आवळला, हाक मारून होडी थांबवली आणि सगळी माणसं तिच्यात उतरवली. पोतीही गेली. बकऱ्याने मात्र पाय रोवले. म्हणून तो राहिला, आणि कायिझी.

ओझं उतरताच मोटरला कंठ फुटला. बोटीने नाक वर केलं आणि सुसाट सुटली.

"अहो, थांबा!" नालुबेगा ओरडली.

मोटरच्या आवाजात कायिझीला ते 'शाब्बास' ऐकू आलं.

पलीकडे ढोल तयारच होते. बोट दिसताच ते वाजले, बायकांनी आरोळ्या दिल्या आणि शिंतोड्यांनी भिजलेला, पंचावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला कायिझी बकरा काखोटीला मारून उतरला. मुलीची आजी पुढे आली. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नवरामुलगा जरा जून वाटतो," ती म्हणाली. "बकरा कोवळा आहे, चालेल."

सगळा किनारा खदखदून हसला. तासाभराने खरा किवुका आला, तोवर मंडळी हसून हसून इतकी सैल झाली होती, की उशिराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मागणी झकास पार पडली. ("माझ्यामुळेच!" असं कायिझी म्हणाला. कुणी नाकारलं नाही, हे विशेष.)

परत निघताना सगळं वऱ्हाड निमूटपणे कोळ्यांच्या होडीत जाऊन बसलं. कायिझी फुरंगटून, न जेवताच, रिकामी बोट घेऊन निघाला आणि वाऱ्याच्या वेगाने घरी पोचला. सगळ्यांच्या दोन तास आधी!

दाराला कुलूप होतं. किल्ली नालुबेगाकडे.

उंबऱ्यावर बसलेल्या त्याला शेजारीण म्हणाली, "काय हो, बोट पुन्हा बंद पडली वाटतं?"

"छे! फार वेगात आली."

संध्याकाळी नालुबेगा आली. तिने केळीच्या पानात बांधून आणलेला, अजून कोमट असलेला भात आणि कोंबडी त्याच्या मांडीवर ठेवली, आणि शेजारी बसून पाय चोळत म्हणाली, "जेवा. जपून हं, घास घशात बाराच्या वेगाने जायला नको."

त्याच क्षणी कायिझीला ठसका लागला.