दर्याजीरावांनी तांबड्या मोटारीचे बळ वाढविले त्याची हकीकत

जिने घाट निर्मिला आणि घाटास वळणे दिली, चढणाऱ्यास दम आणि उतरणाऱ्यास ब्रेक दिला, त्या कुलस्वामिनीस दंडवत करोन, शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरी, आश्विनमासी जे वर्तमान घडले ते पाहिले तैसे व ऐकिले तैसे, तिखटमीठ न लाविता लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण मंडळी हयात आहेत आणि त्यांस राग लवकर येतो.

या राज्यात वरली पेठ आणि खालची पेठ ऐशा दोन मातबर सरदारक्या, आणि दोहींमध्ये पिढीजाद चुरस. पूर्वी ती घोड्यांवरोन होती, मग मोटारी आल्या आणि मोटारींवरोन जाहली. रिवाज ऐसा की ललितापंचमीस दोन्ही घराण्यांच्या मोटारींनी पायथ्याच्या नाक्यापासोन माथ्यावरील दीपमाळेपर्यंत घाट चढावा, आणि जी आधी पोहोचेल तिने दसऱ्यास देवीच्या पालखीपुढे शमीच्या माळापर्यंत जावे, दुसरीने तिच्या मागोमाग, आणि मग पालखी. भोई ज्या चालीने चालतील तीच मोटारींची चाल. पालखी शमीपर्यंत खाली टेकू नये ऐसा देवीचा दंडक, म्हणोन पुढली मोटार वाटेत थांबली तर मागलीने पुढे व्हावे, तक्रार चालणार नाही. हे सर्व राज्यातील शेंबड्या पोरासही ठाऊक, तेव्हा सरदारांस ठाऊक होतेच, हे ध्यानी ठेवावे.

वरल्या पेठेस दर्याजीराव सरदार, शरीराने धिप्पाड, मनाने चांगले, परंतु ऐकून घेण्याची सवय कमी. खालच्या पेठेस सगुणाबाईसाहेब, यजमान वारल्यापासोन कारभारही खासा पाहात आणि मोटारही खासा हाकीत. बाईंची मोटार पांढरी, कारखान्यातून आली तैशीच, तिला त्यांनी कधी एक चाकसुद्धा वेगळे लाविले नाही, आणि तरी मागील कित्येक साले घाट त्यांचाच. दर्याजीरावांची मोटार तांबडी, विलायती, दोन दारांची व दोनच आसनांची, पाहणाराचे डोळे दिपावेत ऐशी, परंतु वळणावर सरदार घाई करीत आणि मागे राहात.

आता मूळ कारण सांगतो. दर्याजीरावांचे तीर्थरूप थोरले सरकार खेत्रोजीराव, वय ऐंशीपार, गुडघे गेलेले. दसऱ्यास ते माडीच्या सज्जात खुर्ची टाकून बसत आणि पालखी पाहात. परंतु समोर एका मिठाईवाल्याने तीन मजली दुकान उठविले आणि वर आपल्या नावाची पाटी लाविली, तेव्हापासोन पालखी येई तेव्हा थोरल्या सरकारांस छत्रीचा कळस तेवढा दिसे, तोही पाटीच्या दोन अक्षरांमधून. श्रावणात एके दिवशी जेविता जेविता ते म्हणाले, "दर्या, एकदा पुढे बसून शमीपर्यंत जावंसं वाटतं रे." इतकेच म्हणाले आणि ताक मागितले. परंतु दर्याजीरावांचा घास हातीच राहिला. वडिलांस घराण्याचा मान पाहिजे, आणि तो मरणापूर्वी आपण दिला पाहिजे, ऐसे त्यांच्या मनाने घेतले, आणि मनाने एकदा घेतले की त्यांस दुसरे काही दिसत नसे.

मग मसलत जाहली आणि समुद्राकाठच्या शहरातून दाऊद उस्ताद बोलाविले. उस्तादांची ख्याती मोठी, इंजिनाची बुद्धी पालटून देतात ऐशी. त्यांनी मोटारीभोवती फेरी मारिली, बॉनेट उघडोन आत कान दिला, आणि विचारिले, "सरकार, गाडीकडून काम काय घ्यायचं, ते आधी सांगा. मी कामाप्रमाणं बनवतो."

"घाट," सरदार म्हणाले.

"आणखी काही?"

"आणखी काही नाही. फक्त घाट."

उस्तादांनी मान डोलविली आणि कामास लागले. आता वाचणारास कळावे म्हणोन लिहितो की अलीकडील इंजिनात पेटीबंद ऐसा एक कारभारी असतो. हवा किती घ्यावी, पेट्रोल किती द्यावे, ठिणगी केव्हा पाडावी, हे सर्व तो ठरवितो, आणि कारखानदारांनी तो स्वभावाने भित्रा व काटकसरी ठेविलेला असतो, कारण मोटार कोणाच्या हाती जाईल याचा भरवसा त्यांस नसतो. उस्तादांनी आपला लॅपटॉप त्या पेटीस जोडिला आणि कारभाऱ्यास नवे हुकूम पढविले, की हात आखडू नको, मागेल तितके दे. मग मोठा टर्बो आणोन बसविला, म्हणजे धुराच्याच जोराने फिरोन इंजिनात दामटून हवा कोंबणारी चक्री. मग सायलेन्सर पालटिला, आणि त्याचा आवाज ऐसा जाहला की पेठेतील बाळंतिणींनी माहेरी जाण्याची घाई केली. मग क्लच शर्यतीचा घातला, जो एक तर धरितो नाही तर सोडितो, मधले काही जाणत नाही. एवढे होऊन उस्ताद म्हणाले की बळ वाढले, आता वजन उतरवू. आणि मग स्टेपनी काढिली, गालिचा काढिला, गाणी ऐकण्याचे यंत्र काढिले, एसी काढिला, आणि हाकणाराच्या शेजारील आसनही काढिले.

तेव्हा सरदारांचे कुटुंब मथुराऊसाहेब चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी आसन अंगणात उताणे पडलेले पाहून विचारिले की मामंजी कोठे बसणार. सरदार म्हणाले की आधी मान तर येऊ द्या, आसन काय, बोल्ट आवळले की बसते. बाईंनी आसनाकडे एकवार पाहिले आणि कप उचलोन गेल्या. सरदारांस ऐकून घेण्याची सवय कमी हे वर लिहिलेच आहे. मग उस्तादांनी रेडिएटरचा पंखा दाखविला. म्हणाले, "घाटात वारा आपणहून समोरून येतो, सरकार. पंखा लागतो गाडी उभी असली की. काढू का?"

"ती उभी राहायला नाहीच. काढा."

आणि पंखा काढिला. तो गवताच्या गंजीवर ठेविला आणि मांजरीने त्यात पिले घातली.

पंचमीस पायथ्यास माणूस मावेना. निशाण पडले आणि तांबडी मोटार ऐशी सुटली की निशाणवाल्याची टोपी उडाली. पहिल्या वळणास दोघे बरोबर, दुसऱ्यास तांबडी पुढे, आणि मग सरळ चढावर टर्बोची शीळ ऐकू आली आणि पांढरी मागे पडत पडत दिसेनाशी जाहली. दर्याजीराव दीपमाळेस पोहोचले, शिरस्त्राण काढोन तोंड पुशिले आणि अत्यंत सुख मानिले. मग सगुणाबाईसाहेब आल्या, उतरल्या, हळदकुंकवाचा करंडा देवीपुढे ठेविला आणि सरदारांस म्हणाल्या की दादासाहेब, मोटार फार छान गाते. सरदारांस बोच कळली, परंतु जिंकलेल्या माणसास बोच लागत नाही. घरी येऊन त्यांनी वडिलांचे पाय धरिले आणि मान आला म्हणोन सांगितले. थोरले सरकार म्हणाले, "म्हणजे पुढं बसायला मिळणार ना?" आणि त्या दिवसापासोन फेटा कोणता बांधावा याची चौकशी करू लागले.

दसऱ्यास आसन पुन्हा बसविले. मोटार जमिनीशी इतकी लागलेली की थोरल्या सरकारांस आत उतरविण्यास दोन माणसे लागली. गुलाबी फेटा, हाती काठी, डोळ्यांवर नवा चष्मा, ऐसे ते बसले. शिंग वाजले, भोयांनी पालखी उचलिली, आणि सरदारांनी क्लच सोडिला. क्लचने आपला स्वभाव दाखविला. मोटार हिसका देऊन पुढे गेली, थांबली, पुन्हा हिसका, आणि दर हिसक्यास थोरल्या सरकारांचा फेटा डोळ्यांवर येई आणि ते तो काठीने मागे सारीत. आश्विनाचे ऊन मी म्हणत होते. भोयांची चाल ती, वारा समोरून येण्याचे कारण नाही, आणि पंख्यात मांजर. बाजारचौक येईतो इंजिनाच्या गरमीचा काटा तांबड्या रेघेकडे सरकू लागला, आणि आपण काय केले हे सरदारांस तेव्हाच कळले. उस्ताद बाजूने धावत होते. ते खिडकीत वाकोन म्हणाले की हीटर लावा, इंजिनाची गरमी आत ओढून घेतो. सरदारांनी हीटर लाविला. मग बाहेरील ऊन आणि आतील ऊन एक जाहले.

"दर्या," थोरले सरकार म्हणाले, "पाय भाजतात रे."

"थोडं सोसा, आबा. आलंच."

परंतु काही आले नव्हते. पाण्याच्या टाकीपाशी बॉनेटमधून वाफ निघाली, मग पुष्कळ निघाली, मग इंजिन एकदा खोकले आणि बंद पडले. मागोन पालखी येत होती, भोई थांबणारे नव्हते, आणि सर्व पेठ दोन्ही अंगांस उभी राहून पाहात होती. दर्याजीराव स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून बसले. वडिलांकडे पाहावयाची त्यांची छाती होईना. एका म्हाताऱ्याने आयुष्यात एक गोष्ट मागितली आणि ती आपण हाताने मोडिली, ऐसे त्यांस वाटले, आणि ते खरेही होते.

तो पांढरी मोटार शेजारी येऊन उभी राहिली. पुढे जाण्याचा तिचा हक्कच होता. काच खाली जाहली आणि सगुणाबाईसाहेब म्हणाल्या, "काकासाहेब, ऊन फार आहे. इकडं बसा. माझी गाडी गार आहे."

थोरल्या सरकारांनी लगेच काठी बाहेर काढिली. दर्याजीरावांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "आबा, त्यांच्या गाडीत?"

"मला पुढं बसायचं होतं," थोरले सरकार म्हणाले. "कुणाच्या गाडीत, ते मी कुठं बोललो होतो?"

आणि ते गेले. बाईंनी त्यांचा फेटा नीट केला, एसी वाढविला, आणि पांढरी मोटार पालखीपुढे भोयांच्या चालीने निघाली, पाण्यावर पान जावे तैशी. दर्याजीराव उतरले आणि तांबडी रस्त्याच्या कडेस घेतली. पालखी गेली. मग ते आणि उस्ताद आणि पेठेतील चारचौघे ऐसे ढकलीत ढकलीत, घामाने निथळत, सर्वांच्या मागोन शमीच्या माळावर पोहोचले. पाहतात तो थोरले सरकार पांढऱ्या मोटारीच्या पुढल्या आसनावर, दार उघडे टाकून, आल्यागेल्यास आपट्याची पाने वाटीत आहेत, आणि चेहरा ऐसा की सरदारांनी तो आपल्या लहानपणी पाहिला असेल, पुढे कधी नाही. त्यांनी लेकाच्या हाती पान दिले आणि झाडाकडे काठी दाखवून म्हणाले, "झाड तेवढंच आहे रे. मला वाटलं, वाढलं असेल." तेव्हा दर्याजीरावांस रडू आले. लोकांनी ते मान गेल्याचे दुःख समजले.

तात्पर्य इतकेच. मांजरीची पिले मोठी जाहली तेव्हा पंखा धुवून जागी बसविला. पुढील साली दाऊद उस्ताद पुन्हा आले आणि शिरस्त्याप्रमाणे विचारिले की गाडीकडून काम काय घ्यायचे. सरदार म्हणाले, "पालखीच्या चालीनं चालली पाहिजे. उन्हात, न थांबता, हिसका न देता." उस्ताद म्हणाले, "आणि घाट?" सरदार म्हणाले की घाट होईल तेवढा. मग कारभाऱ्यास जुने हुकूम परत दिले, क्लच साधा घातला, आणि पंचमीस वरल्या पेठेने घाट पुष्कळ मागोन चढला. दसऱ्यास थोरले सरकार कोणत्या मोटारीत बसले ऐसे विचाराल तर, पहिल्या. सगुणाबाईसाहेब त्यांस न्यावयास दारी आल्या होत्या. दर्याजीराव तांबडीतून मागोमाग चालले, पुढल्या काचेतून वडिलांचा गुलाबी फेटा दिसत होता, आणि बॉनेटखाली पंखा फिरत होता.