शेवरीपलीकडचा चहा

झाडं लावणं हे पुण्याचं काम म्हणतात. मी लावली ती रागाच्या भरात, त्यामुळं पुण्याचं काय झालं ठाऊक नाही.

इस्लामपुरात आमचं आणि इलाहीचाचांचं परस शेजारी-शेजारी, मध्ये कमरेएवढी भिंत. रोज सकाळी चाचा त्यांचा चहाचा कप भिंतीवर ठेवायचे, मी माझा. मग त्यांची तपासणी सुरू. "ज्ञानू, दाढी अर्धीच केलीस व्हय रं?" (अर्धीच केलेली असायची.)

पण आमच्या लेकीला, साक्षीला बघायला माधवनगरचे पाहुणे आले त्या दिवशी कहर झाला. मी नवा लेंगा घालून रुबाबात पाहुण्यांना परसबाग दाखवतोय, आणि पलीकडनं आवाज, "ज्ञानू, नाडी लोंबतीया!" पाहुणे पोट धरून हसले. (लग्न जमलं, ते सोडा. माझी अब्रू गेली.)

"मला प्रायव्हसी पाहिजे," मी बायकोला बजावलं.

"रोपवाटिकंत मिळती का बगा," शालू म्हणाली.

रोपवाटिकेतल्यानं सुरूचं रोप दाखवलं, बांबू दाखवला. पण मी साखर कारखान्यात ऊसकाट्यावरचा क्लार्क, मला कोण शिकवणार! सासुरवाडीला पानमळा आहे. तिथं वेलींच्या आधाराला शेवरी लावतात, बघता बघता डोक्यावर जाते. तिथं बिया अंतर ठेवून टोकतात, मी मूठमूठ पेरल्या. पावसाळ्यात ती अशी गच्च माजली, की मांजरसुद्धा वळसा घालून जायला लागलं.

"ह्ये काय रं?" चाचांनी विचारलं.

"प्रायव्हसी, चाचा. सारखं कुणी बघितलेलं आवडत नाही मला."

"बरं, सायब," चाचा म्हणाले, आणि कप उचलून घरात गेले.

ते 'सायब' मला लय लागलं. त्यानंतर स्कूटरचं स्टँड न काढता मी आपटलो, दूध उतू गेलं, कुणी हाक मारली नाही. शालू गल्लीतनं वळसा घालून चाचांच्या बायकोकडं, रहिमतबींकडं चहाला जायची, आणि मी माझा कप घेऊन शेवरीसमोर एकटा बसायचो. कशाला लावली ही अवदसा, असं रोज वाटायचं. (आणि रोज पाणीही मीच घालत होतो.)

परवा राहवेना. खिडकीएवढं भगदाड पाडावं म्हणून कोयता घेऊन भिंतीवर चढलो. पाय घसरला, कोयता आमच्याकडं पडला, मी त्यांच्याकडं. बनियन मात्र शेवरीत अडकलं. लाकूड कच्चं, पण बनियन पक्कं निघालं! मी अधांतरी लोंबकळतोय, आणि खाली रहिमतबींच्या शेळ्या पाला खायला जमल्या.

"आवं, झाडात कोण हाय बगा!" रहिमतबी ओरडल्या.

"नगं बगूस. सायबास्नी आवडत न्हाई." चाचा पाठ फिरवून शांतपणे चहा पीत उभे राहिले.

"चाचा, चुकलं माझं! एकदा बघा हो माझ्याकडं!" मी रडकुंडीला आलो.

चाचा वळले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ज्ञानू, नाडी!"

'ज्ञानू' ऐकून माझे डोळेच भरून आले. नाडीचं नंतर कळलं. ती शेळीच्या तोंडात होती, आणि लेंगा तिच्या मागं निघाला होता.