हात आधी धुवावेत

सत्त्याण्णव सालच्या हिवाळ्यात पत्रूभाऊंनी उभ्यानेच धंदा करायला सुरुवात केली. कुरखेड्याच्या बाजारात त्यांचं जंगलमालाचं दुकान. हिरडा, चारोळी आणि थंडीत बिबा. गल्ल्यामागची गादी रिकामी पडली होती, कारण बसलं की आग व्हायची आणि चाललं की खाज सुटायची. जागाही गिऱ्हाइकासमोर हात नेण्याजोगी नव्हती.

या दुखण्याचं कारण त्यांना पक्कं ठाऊक होतं. मागच्या आठवड्यात ते नाटक बघायला म्हणून वडशाला गेले होते. नाटक राहूनच गेलं. मुक्काम एका ओळखीच्या बाईकडे झाला, आणि एरवी पाणीसुद्धा गाळून पिणाऱ्या या माणसाने तिथे कसलीच काळजी घेतली नाही. एसटी स्टँडच्या भिंतीवर एड्सची पाटी रंगवलेली होती. पत्रूभाऊ आता लांबच्या गल्लीने जाऊ लागले.

“भाऊ, आजकाल उभेच काऊन राह्यता?” शेजारच्या सायकल दुकानातल्या जाफरने विचारलं. “मूळव्याध का?”

“हो,” पत्रूभाऊ म्हणाले. दुखणं निदान सभ्य झालं.

जाफर प्रेमळ माणूस. त्याने काळजीपोटी ही बातमी बाजारभर सांगितली. संध्याकाळी ताटात सुरणाची भाजी होती.

“मूळव्याधीले सुरणच पाहिजे,” सोनीबाई म्हणाल्या. “मले काऊन नाई सांगितलं वो? गावाले माहीत, बायकोले नाई.”

सुरण नीट शिजला नव्हता. आता घसाही खाजू लागला. तिसऱ्या दिवशी पत्रूभाऊ गाडीने जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात निघाले, तर सोनीबाई पदर खोचून दारात उभ्या.

“मले संगं न्या. तुमी डॉक्टरले अर्धंच सांगता.”

त्यांना कसंबसं बाहेरच्या बाकावर बसवून पत्रूभाऊ आत गेले. डॉक्टरांनी पडदा ओढला, तपासलं आणि हात दाखवायला सांगितले. पेरांवर काळे डाग होते.

“बिबा हाताळता?”

“मोसम आहे साहेब.”

“हाताला तेल लावून?”

“बाया लावतात. मी मालक आहो.”

“लघवीला जाता तेव्हा हात धुता?”

“धुतो ना. मंग धुतो, झाल्यावर.”

“बिब्याच्या धंद्यात आधी धुवायचे. हा बिबा उतलाय, हाताचा चीक तिथे लागून कातडी भाजलीय. मलम लावा, आठवड्यात साफ.”

पत्रूभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. “म्हणजे वडशाचं काई नाई?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “वडशाचं काय?”

मग सगळं सांगावं लागलं.

“खाज बिब्याचीच आहे,” डॉक्टर म्हणाले. “पण तिकडून काही लागलं असेल तर ते न खाजताही राहतं. रक्त आज तपासू, तीन महिन्यांनी पुन्हा. तोवर घरी निरोध वापरा.”

“घरी कसा साहेब? बायकोचं ऑपरेशन झालं. मीच नेलतं शिबिरात.”

“ते पोर होऊ नये म्हणून होतं. हे तिला काही होऊ नये म्हणून.”

“मंग तिले सांगू काय?”

“जे झालं ते. दुसरं औषध माझ्याकडे नाही.”

रक्त देऊन, खिशात निरोधचं पाकीट घालून पत्रूभाऊ बाहेर आले. खरं सांगण्याच्या औषधाऐवजी त्यांना मधेच एक युक्ती सुचली होती.

“मूळव्याध नाई वो. बिबा उतला. तिथीच.”

सोनीबाई इतक्या हसल्या की बाकावर शेजारी बसलेली आजीही काही न कळता हसू लागली. “मालक म्हणे. तेल लावाले लाज वाटते.”

हसू पाहून पत्रूभाऊंना धीर आला. त्यांनी पाकीट हळूच पुढे केलं. “हे वापरा म्हणले डॉक्टर. तीन महिने. बिबा तुले लागू नये म्हणून.”

सोनीबाईंचा बाप जन्मभर बिबा फोडत आला होता. त्यांचं हसू थांबलं. त्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि आजीला जरा सरकायला सांगितलं.

“बिबा आठ दिवसांत जाते,” त्या म्हणाल्या. “तीन महिन्यांचा बिबा कोणत्या जंगलात होते? बसा इथी. गाडीले वेळ आहे.”