रानोजीच्या नसेतला थर

एका जंगलात, बाळांनो, पर्यटकांचा बंगला झाला होता. बंगल्यामागे रोज उरलेली भजी फेकत. तिथलं रानोजी रानडुक्कर ती जमिनीवर पडूच देत नसे, वरच्यावर झेलत असे.

एकदा टेकडी चढताना रानोजीला धाप लागली. छातीत कळ आली. बायको सगुणा घाबरली. मागून ढकलत ढकलत तिने त्याला अर्ध्या चढावरच्या गुहेत नेलं. गुहेत तपासणी केंद्र होतं. मी आपली सहज तिकडून चालले होते, म्हणून मला सगळं ठाऊक.

तिथे वटवाघूळ उलटं लटकलं होतं. ते रानोजीच्या मानेशी चिरकलं, परत आलेला आवाज कान देऊन ऐकला आणि म्हणालं, "नसेत चरबीचा थर आहे. जाडी एक तांदूळ."

मग काजव्याने मानेवर उजेड पाडून बघितलं. "दोन तांदूळ," तो म्हणाला.

"तुला वरवरचंच दिसतं रे."

"तुम्हाला तर तेवढंही दिसत नाही, काका."

"अहो, एक की दोन ते राहू द्या," सगुणा म्हणाली. "हे वाचतील ना? यांना खायला काय देऊ?"

"वहिनी, आधी आकडा जुळू दे," दोघे एका सुरात म्हणाले. त्यांचं तेवढंच जुळलं.

मग रोज सकाळी रानोजीला बोलावणं येऊ लागलं. यायचं उपाशीपोटी, आणि चढ चढूनच. मोजणी संपेपर्यंत दुपार व्हायची. तोवर बंगल्यामागची भजी कावळ्यांनी संपवलेली असायची. महिना गेला. आकडा काही जुळेना.

शेवटी निवाड्यासाठी गिधाडाला बोलावलं. तज्ज्ञ म्हणून त्याचा दरारा होता. त्याने रानोजीला शेपटीपासून सुळ्यांपर्यंत न्याहाळलं.

"खरं मोजमाप एकच," ते म्हणालं. "नस बाहेर काढायची, उभी चिरायची आणि थर मोजायचा."

"आणि हे?" सगुणाने विचारलं.

"हे कुठे जातात, बाई? अहवालात यांचं नाव राहीलच की."

वटवाघळाने मान डोलावली. काजवाही लकाकला. पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं होतं.

रानोजी मात्र उठला आणि जो सुटला, तो थेट टेकडीच्या माथ्यावर. मागोमाग सगुणा धापा टाकत पोहोचली.

"छातीत दुखतंय का हो?"

रानोजीने श्वास घेऊन बघितला. सोडूनही बघितला. "नाही गं," तो म्हणाला. "तूच जरा बस."

खाली गुहेत तिघांनी अहवाल लिहिला. रुग्ण पळाल्यामुळे कुणाचं मोजमाप खरं, ते कळू शकलं नाही. यापुढे पळता येणारे रुग्ण घेऊ नयेत.

तात्पर्य : तपासणी अचूक व्हावी असं वाटत असेल, तर रुग्णाने मध्येच बरं होऊन लुडबुड करू नये.