गजभियेजींचं मागणीपत्र

गजभियेजी व्हिडिओ गेम खेळायला बसतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर प्लांटचं पिवळं हेल्मेट असतं आणि पायात सेफ्टी शूज. टीव्ही अंगावर पडणार आहे का, असं मी एकदा विचारलं. विनाहेल्मेट सापडलेल्या ठेकेदाराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सर, मशीन लहान असो का मोठी. मशीन ते मशीन."

मी शाळामास्तर, म्हणून सर. ते स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमधून, म्हणजे दगडी कोळशाचा कोक करणाऱ्या भट्ट्यांवरून निवृत्त झालेले. कुरुदला आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, त्यामुळे त्यांची मतं मला उंबरठा न ओलांडता मिळतात.

मतं दोन विषयांवर: गेमच्या कन्सोलचं भविष्य आणि भांडवलशाहीची सुधारणा. त्यांच्या लेखी हा एकच विषय आहे. पुढे म्हणे कन्सोल नावाचा डबाच राहणार नाही. खेळ सगळा कंपनीच्या घरी, आपल्या घरी नुसता रिचार्ज. सुपेल्याच्या बाजारात हे त्यांनी कोथिंबीरवालीलाही समजावून सांगितलं. तिनं जुडी त्यांच्या पिशवीत कोंबली आणि म्हणाली, "धर बबा, अब जा."

भांडवलशाही मोडायला मात्र त्यांचा सक्त विरोध. कोक ओव्हन कितीही धूर ओकली तरी कोणी पाडत नाही; ती पेटती ठेवूनच आतल्या विटा दुरुस्त करतात. "भांडवलशाहीले हॉट रिपेअर पायजे, सर. हात भाजतीन, पण करा लागते." कोणाचे हात, हे विचारायला मला कधी वाव मिळाला नाही.

गेल्या महिन्यात कंपनीचा निरोप आला की त्यांचा ट्रकचा खेळ रविवारी दुपारी कायमचा बंद होणार. गजभियेजींनी मागणीपत्र काढलं. सर्व्हरला कोक ओव्हनचा दर्जा द्यावा. एकदा पेटवला की विझवायचा नाही. पाच वर्षं खेळलेल्या माणसाला परमनंट करावं. आणि काहीही बंद करण्याआधी खेळणाऱ्यांची, युनियन फाटकावर घेते तशी, गेट मीटिंग घ्यावी. इंग्रजी मी केलं. 'गेट मीटिंग'ला पर्याय सुचेना म्हणून तसंच ठेवलं. कंपनीनं उलट विचारलं, आमच्या सेवेला किती तारे द्याल? त्यांनी एक दिला, आणि तोही का दिला याचं दोन पानी स्पष्टीकरण.

मी पोट धरून हसत होतो. गजभियेवहिनी हसल्या नाहीत. त्या मला अंगणात घेऊन गेल्या.

या खेळात दोन ट्रक लागतात, त्यांनी सांगितलं. चिखलातून लाकडं डोंगरावर न्यायची. एक फसला की दुसऱ्यानं दोर बांधून ओढायचं. दुसरा ट्रक नागपूरहून चालतो. चालवणारा सुधाकर, गजभियेजींचा धाकटा भाऊ, रेल्वेतून निवृत्त. आईनं कोणाकडे राहायचं यावरून दोघं भांडले होते. दोघांनाही ती आपल्याकडेच हवी होती. आई जाऊन नऊ वर्षं झाली, बोलणं बंद ते बंदच. शेवटी सुधाकरच्या मुलीनं दोन्ही घरी हा खेळ जोडून दिला, आणि तेव्हापासून रोज चार वाजता दोघं एक शब्द न बोलता ट्रक हाकतात.

"हे बंद झालं तर दोघं भाऊ भेटतीन कुठं?" वहिनी म्हणाल्या.

रविवारी मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. पडद्यावर चढ होता. निळा ट्रक चाकांपर्यंत चिखलात रुतलेला, म्हणजे तो सुधाकर. गजभियेजींनी आपला लाल ट्रक पुढे घेतला, दोर बांधला, हळूहळू जोर दिला. निळा ट्रक जरासा हलला. आणि पडदा काळा झाला. मग पांढऱ्या अक्षरांत कंपनीचे आभार.

बराच वेळ ते कंट्रोलर दाबत राहिले.

मी म्हटलं, फोन करा. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मोठ्या भावानं कावून करावा? चूक त्याची होती, साक्षीदार हयात आहेत, वगैरे.

"पन सर," ते काळ्या पडद्याकडे बघत म्हणाले, "तो तिथं फसून आहे ना."

त्यांनी फोन उचलला. नंबर शोधावा लागला नाही, बोटांना पाठ होता. दुसऱ्याच रिंगला पलीकडे कोणीतरी घेतला.

"निघाला का रे?" गजभियेजींनी विचारलं.

"नाई ना दादा," तिकडून आवाज आला. "तू ओढून राहिला होता ना."

"थांब मंग. येऊन राहिलो मी."

वहिनींनी कपाटावरची प्रवासाची बॅग खाली काढली आणि पदरानं तिच्यावरची धूळ पुसली.